आधी आईचं रेकॉर्डिंग, मग बाबांचं

ठाणे,
रविवार

ती. आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार,

फोनवर हे नीट बोलता येणार नाही म्हणून लिहितेय. फोन उचलता तुम्ही बाबा, "सगळं बरं आहे" म्हणता तुम्ही, आणि आई मागून काहीतरी सांगत असते ते माझ्यापर्यंत पोचायच्या आत तुम्ही "ठेवतो" म्हणता. पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचा. आईचा चष्मा सुन्यानं अजून बदलून आणला नसणार, मला ठाऊक आहे.

मुद्द्याचं आधी सांगून टाकते. भाताची झोडणी उरकली की मी गावी येतेय. रजा मंजूर झालीये. तुम्हा दोघांच्या मुलाखती घेऊन रेकॉर्ड करणार आहे, दोघांच्या वेगवेगळ्या. आधी आईची. आणि ती बोलत असताना बाबा खोलीत नसतील. हे ठरलंय, आता त्यात बदल नाही.

बाबा, इथे थांबू नका, पुढे वाचा. रागावू तर मुळीच नका.

तुमची गोष्ट मला पाठ आहे, म्हणून ती मागे ठेवलीये. १८ जानेवारी १९८२, सोमवार. भोंगा झाला आणि गेटातून कुणी आत गेलं नाही. मुंबईतल्या साठावर कापडगिरण्या, अडीच लाख कामगार. १९४६च्या कायद्यानं बोलणी फक्त मान्यताप्राप्त युनियनशीच व्हायची, म्हणून संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांना सरकार दारात उभं करेना. "संप आजपर्यंत कुणी मागे घेतलेला नाही, म्हणजे मी अजून संपावरच आहे," हे तुम्ही जावयाला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. आणि १६ जानेवारी १९९७ला पवईत डॉक्टरांना गोळ्या घातल्या, त्या रात्री तुम्ही ताटावरून उठलात. हे सगळं तुमच्या तोंडून नातवंडांनीही ऐकलंय. गिरणगावातल्या लोकांच्या मुलाखती घेऊन नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली मोठं पुस्तकही केलं, ते मी तुम्हाला आणून दिलंय. त्यात तुमच्यासारखी माणसं बोलतात, आणि बायकाही बोलतात. आपल्या घरातली बाई मात्र अजून बोललेली नाही.

गणपतीत मी आईला विचारलं होतं, संप लागला तेव्हाचं काय आठवतं? ती म्हणाली, "त्यांना विचार. मला मेलीला काय ठावं त्यातलं." मी गप्प बसून वाल सोलत राहिले. बऱ्याच वेळानं तीच बोलायला लागली. "हळदीकुंकवाचे दिवस होते. वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या उधारीवर, दोन डझन. मंगळवारी जाऊन परत करून आले. म्हटलं, खानावळीच्या मेंबरांचा पगार व्हायचा नाही आता, वाट्या कुठनं वाटते." एवढं झालं आणि ओटीवरून तुमचा आवाज आला, "अगं सोमवार होता तो, सोमवार!" आई हसली, वाल घेऊन आत गेली, आणि विषय तिथेच संपला.

तुमचा सोमवार बरोबरच आहे, मी कॅलेंडर काढून पाहिलं. पण तिचंही बरोबर आहे हो. त्या साली संक्रांत गुरुवारी होती, आणि रथसप्तमी महिनाअखेरीच्या सुमारास. संप लागला तो बरोब्बर हळदीकुंकवाच्या दिवसांत. मला नंतर झोप आली नाही ती वाट्यांपायी. तुम्ही सगळे गेटावर "दिवाळीच्या आत मिटतंय" म्हणत होता, पेपरवाले काहीबाही लिहीत होते, आणि आईनं दुसऱ्याच दिवशी वाट्या परत केल्या होत्या! हे ज्या बाईला कळलं तिला "त्यांना विचार" असं म्हणू द्यायचं का आपण?

तुम्ही मुद्दाम तोडत नाही, हे मला माहीत आहे. आयुष्यभर गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात उभं राहून कान गेले, तुम्हाला तिचा आवाज ऐकूच येत नाही, मग वाटतं ती गप्प बसलीये, आणि तुम्ही तिच्या वतीनं उत्तर देता. प्रेमानंच देता. पण रेकॉर्डिंगमध्ये मग तुमचाच आवाज राहतो. मुलाखती घेणारे लोक नवरा-बायकोला शक्यतो वेगवेगळं बसवतात ते याचसाठी. काकांच्या घरीही मी असंच करणार आहे, तुमच्यासाठी वेगळा नियम नाही.

आई, आता तुला. तू म्हणशील, माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं. ऐक तर. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत साधारण एक बाई असायची, कांडीखात्यात आणि रीळखात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर. पुढे रात्रपाळीची बंदी आली, बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, मालकांनी बायका घेणं कमी केलं. आजी त्या शेवटच्या शेवटच्यांतली. तिचं कांडीखातं कसं होतं, मुकादम कसा बोलायचा, तुला कुणाजवळ ठेवून जायची, हे सांगायला आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. आजीला कुणी विचारलं नाही आणि आजी गेली.

आणि तुझी खानावळ. दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांची जेवणं, महिन्याच्या बोलीवर. खाडे कसे कापायचे, सणाला गोडाचं काय करायचं, गावाला गेलेला मेंबर परत आला नाही तर त्याची वळकटी किती दिवस सांभाळायची. खानावळवाल्या बायकांना बँकेनं दारात उभं करावं म्हणून प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, हे पुस्तकात सापडतं. पण तुझ्यासारख्या बाईनं पहिल्यांदा बँकेत जाऊन सही केली तेव्हा तिच्या पोटात काय झालं, हे पुस्तकात सापडत नाही. संपात जे मेंबर पैसे न देता गावी निघून गेले त्यांच्याबद्दल तू कधी वाईट बोललेली मला आठवत नाही. का नाही बोललीस? मला खरंच जाणून घ्यायचंय.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त. मला त्यात आवडतं ते हे की, ओवीखाली म्हणणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. मुंबईत स्पॅरो म्हणून संस्था आहे, १९८८पासून बायकांच्याच मुलाखती, फोटो, पत्रं जपतेय. कुणाला काही द्यायचं की नाही ते आपण नंतर बघू. तुला नको असेल तर आपल्याच घरात राहील. तुला विचारल्याशिवाय सुन्यालासुद्धा ऐकवणार नाही.

त्रास काही होणार नाही. कॅमेरा नाही, फक्त आवाज. पदराला छोटा माइक लावीन, शर्टाच्या बटणाएवढा, थोड्या वेळात विसरून जाशील. तू मधल्या खोलीत तुझ्या नेहमीच्या जागी बस, पाठीला उशी मी ठेवीन. हातांना सवयीचं काम हवं असेल तर लसूण घे सोलायला, शेंगा नकोत, त्यांचा आवाज फार येतो. सकाळचा चहा झाला की बसायचं, दुपारी झोपायचंच. पंखा आणि फ्रीज तेवढ्यापुरता बंद ठेवू. शेजारच्या पिठाच्या गिरणीला मात्र काही करता येणार नाही, ती चालू झाली की आपण थांबायचं आणि चहा घ्यायचा. कंटाळलीस की बंद. रडू आलं तरी बंद, किंवा चालू, तू म्हणशील तसं. तारीख चुकली तर मी दुरुस्त करणार नाही. तुझं "न्हाई" मी "नाही" करून लिहिणार नाही, न्हाई ते न्हाईच. लिहून झालं की सगळं तुला वाचून दाखवीन, आणि तू म्हणशील ते काढून टाकीन.

बाबा, तेवढा वेळ तुम्ही देवळाच्या पारावर जा. थर्मासमध्ये चहा देईन. मग तुमची पाळी, आणि तेव्हा आई बाहेर. तुम्हाला मी संपाचं नाही विचारणार आधी. तुम्ही बदली कामगार म्हणून रोज गेटावर उभे राहायचात, काम मिळालं नाही तर घरी येऊन काय सांगायचात? साचा पहिल्यांदा एकट्यानं चालवला तो दिवस कसा होता? धागा तुटला हे त्या आवाजात कसं कळायचं? तुम्हाला सगळे संपाचंच विचारत आले, तुमच्या हातातल्या कामाबद्दल कुणी विचारलं नाही. मी पण नाही. मला आठवतं ते एवढंच, की तुम्ही पाळीवरून येऊन आडवे झालात की भुवयांवरचा कापूस मी चिमटीनं काढायचे, आणि तुम्ही झोपल्याचं सोंग करायचात. सोंगच होतं ना? पापण्या हलायच्या तुमच्या.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्याबद्दल मी विचारणार नाही. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर बोला. आणि बोललात तरी तो भाग वेगळा काढून ठेवता येतो, "अमुक वर्षं कुणी ऐकायचा नाही" असं लिहून. तशी सोय असते. त्या वेळी जे केलं ते आमच्या दुधासाठी केलंत. चाळीत कुणी काही म्हणालं असेल तर ती माणसंही आता तुमच्याच वयाची आहेत, आणि त्यांच्याही घरी दूध संपलंच होतं.

सुन्याचं म्हणणं मला कळलंय. घरचं बाहेर कशाला, म्हातारपणी त्यांना कशाला उकरायचं, वगैरे. त्याला मी उत्तर दिलंय आणि वहिनीनं माझी बाजू घेतली आहे, त्यामुळे तो विषय संपला. त्याला वाटतं मला ऑफिसच्या कामातून वैताग आला म्हणून हे खूळ. असू दे. पण आता गिरण्यांच्या जागी उभ्या असलेल्या काचेच्या इमारतींतूनच मी रोज कामाला जाते, आणि माझ्याबरोबरच्या पोरांना इथे भोंगा वाजायचा हे खरं वाटत नाही.

आता मी येईपर्यंतची कामं.

खानावळीची उधारीची वही ट्रंकेत आहे, ती कुणी बाहेर काढायची नाही. मागच्या वेळी बाबांनी वाळवी बघायला म्हणून उन्हात ठेवली आणि दोन पानं सुटी झाली. फोटोंना लॅमिनेशन करायचं नाही, कोपऱ्यावरचा फोटोवाला कितीही म्हणाला तरी. फोटोच्या मागे नावं लिहायची तर पेन्सिलनं, हलक्या हातानं. लालबागच्या गच्चीवरच्या फोटोत डाव्या टोकाला कोण उभी आहे त्यावर भांडू नका, दोघांचं वेगवेगळं लिहून ठेवते मी.

बाबा, आईकडून आधी तयारी करून घ्यायची नाही. "हे सांग, ते सांगू नको" अजिबात नाही. कानातलं यंत्र डबीत ठेवायला आणलेलं नाही, रोज लावा. तुमच्या छातीची एक्स-रे साताऱ्याला काढायची आहे, अपॉइंटमेंट मी घेतलीये. खोकला हवेचा आहे हे ऐकणार नाही, इतकी वर्षं कापसाची धूळ छातीत घेतलीये. जीप सांगून ठेवते, एसटीनं जायचं नाही.

आई, बीपीची गोळी सकाळीच, देवपूजा झाल्यावर नाही, आधी. माळ्यावर चढायचं नाही. मी येणार म्हणून चकल्या करत बसू नकोस, कमरेचं मला माहीत आहे. भाकरी आणि खर्डा पुरे. बरं, थोड्या कर.

रेकॉर्डिंगची एक प्रत माझ्याकडे, एक सुन्याकडे आणि एक पेनड्राइव्हवर तुमच्या कपाटात ठेवू. व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवायची नाही, आवाज दबतो तिथे. मामांनी मागितली तरी.

नातवंडांचा नमस्कार. जावई म्हणतात, बाबांच्या वेळी मला खोलीत बसू द्या. त्यांनाही "नाही" म्हणून सांगितलंय.

तुमची,
बेबी

ता. क. ठाण्याहून काय आणू ते कळवा. बाबा, आईला विचारा, आणि ती म्हणेल तेच सांगा. "तिला काही नको" असा फोन आला तर मी पुन्हा करीन.