आराबेलापार्कहून अण्णांना

म्युनिक,
रविवार रात्र

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचा सव्वा मिनिटाचा आवाजी निरोप तीनदा ऐकला. त्यात तुम्ही जेमतेम वीस सेकंद बोललात, बाकी सगळा पेटीचे सूर घासणाऱ्या कानशीचा आवाज. म्हणजे हातातलं काम न थांबवता रागावलात. "पोरगं कॉलेज सोडून डबा वाजवत बसलंय, तू समजाव त्याला. बटण दाबलं की वाजतं, त्यात कसब कसलं?" एवढंच. फोनवर हे बोलायला गेले की तुम्ही "बरं बरं, ठेव" म्हणता. म्हणून कागदावर लिहितेय. कागदाला मध्येच ठेव म्हणता येत नाही.

बंड्याला समजावायचं आणि त्याच्या त्या डब्याचं, म्हणजे सिंथेसायझरचं, नंतर बघू. आधी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगते. माझं ऑफिस आराबेलापार्कला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथं मेट्रोची यू-फोर लाइन संपते. स्टेशनातून वर आलं की समोर तेवीस मजली इमारत दिसते, आराबेला होखहाउस. साठच्या दशकातलं काँक्रीट, बघण्यासारखं काही नाही. दीड वर्ष मी तिच्यासमोरून नुसती जात होते. मग ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्यानं सांगितलं की या इमारतीच्या तळघरात म्युझिकलँड नावाचा स्टुडिओ होता. लेड झेपलिन, क्वीन, रोलिंग स्टोन्स असली बडी मंडळी इथं रेकॉर्डिंगला यायची. तो स्टुडिओ काढला होता जॉर्जो मोरोडर या संगीतकारानं. आता तिथं स्टुडिओ नाही. पण त्या दिवसापासून मी या माणसाच्या नादी लागले ते आजपर्यंत.

हा माणूस मूळचा इथला नव्हे. आल्प्सच्या पलीकडे इटलीत दक्षिण टिरोल म्हणून भाग आहे, तिथल्या ओर्तिसेई गावात तो १९४० साली जन्मला. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता, नंतर इटलीकडे गेला. त्यामुळे गावाला तीन भाषांत तीन नावं आणि या माणसालाही घरात एक, बाहेर एक. आई त्याला हान्सयोर्ग म्हणायची. सप्टेंबरात लागून सुट्टी आली तेव्हा मी तिथं जाऊन आले. ब्रेनर खिंडीतून रेल्वे आणि पुढं घाटातून बस. गाव निघालं लाकडावर कोरीवकाम करणाऱ्यांचं! दर दोन घरांआड दुकान, संतांच्या मूर्ती, येशूजन्माचे देखावे, शेकडो वर्षांचा धंदा. एका दुकानाच्या मागच्या दाराशी ताज्या ढलप्यांचा ढीग होता आणि त्या वासानं मी सरळ मिरजेत, सतारमेकर गल्लीत येऊन पोचले. भोपळे तेवढे टांगलेले नव्हते.

अशा गावातलं पोरगं एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी गिटार घेऊन बाहेर पडलं. हॉटेलांत, नाइटक्लबात इतरांची गाणी वाजवायची. आपल्याकडचे ऑर्केस्ट्रावाले करतात तेच. कार्यक्रम झाला की गाडीतच झोपायचा, असं त्यानं स्वतःच सांगितलंय. मग बर्लिन, मग म्युनिक. स्वतःची गाणी, चार भाषांत, काही चालली, बरीचशी नाही.

१९६८ साली अमेरिकेत बाखचं संगीत मूग नावाच्या, विजेवर स्वर तयार करणाऱ्या सिंथेसायझरवर वाजवलेली एक तबकडी निघाली. ती ऐकून याला त्या यंत्राचं वेड लागलं. पण मूग म्हणजे दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती. कपाटाएवढं धूड, वायरींचं जंजाळ, आणि किंमत अशी की ऐकूनच परत यावं. म्युनिकमध्ये एक होतं, एबरहार्ड शोनर या शास्त्रीय संगीतातल्या संगीतकाराकडे. मोरोडर तिथं जाऊन पोचला. शोनरचा मदतनीस होता रॉबी वेडेल. यंत्र नेमकं कसं बोलतं करायचं हे खरं त्याला माहीत. त्याचं नाव कुठल्या पोस्टरवर नसतं. तुमचंही नाव कुठल्या पेटीवर नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या यंत्रावरचं पहिलं यश मजेशीर आहे. मोरोडरचं 'सन ऑफ माय फादर' हे गाणं चिकोरी टिप नावाच्या इंग्लिश बँडनं घाईघाईनं स्वतःच्या आवाजात करून टाकलं, आणि १९७२ च्या फेब्रुवारीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. सिंथेसायझर ठळक ऐकू येणारं असं गाणं तिथं पहिल्यांदाच वर पोचलं. चाल याची, नाव दुसऱ्यांचं.

मग त्याला डोना समर भेटली. बॉस्टनची गायिका, एका संगीत नाटकासाठी म्युनिकला आली ती इथंच राहिली, जर्मन शिकली. मोरोडर, ती आणि पीट बेलॉट हा इंग्लिश गीतकार असं त्रिकूट जमलं. १९७५ चं त्यांचं एक गाणं अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकानं पार्टीत लावलं, लोक परत परत लावायला सांगू लागले, तेव्हा त्यानं कळवलं की हेच मोठं करून द्या. यांनी जवळजवळ सतरा मिनिटांचं करून दिलं. ते गाणं मात्र तुम्ही शोधून ऐकू नका, निदान आई घरात असताना नको. बीबीसीनंसुद्धा वाजवायला नकार दिला होता.

तुम्ही ऐकायचं ते पुढचं. 'आय फील लव्ह', १९७७. बंड्याकडून लावून घ्या, चांगल्या स्पीकरवर. कल्पना अशी की अख्ख्या तबकडीत एकेक गाणं एकेका जुन्या काळाच्या ढंगाचं, आणि शेवटचं भविष्यातलं. भविष्य म्हणजे वाद्यवृंद नको, सगळं मूगवर. बटण दाबलं आणि झालं? अण्णा, आता नीट वाचा, हा सगळा तुमच्या हद्दीतला मामला आहे.

त्या मूगमध्ये स्वर तयार होतो तो विजेच्या दाबावर. खोली जरा तापली, यंत्र जरा तापलं, की सूर सरकला. वीस-तीस सेकंद वाजवलं की बेसूर. थांबायचं, परत सूर लावायचा, पुढचे वीस सेकंद रेकॉर्ड करायचे, परत थांबायचं. असं तुकड्या-तुकड्यानं ते गाणं उभं राहिलं. मैफलीत दोन चिजांच्या मध्ये तानपुरा परत मिळवून घेतात, तसं इथं दर ओळीला. तुम्ही पेटीतल्या सुराच्या पट्टीला टोकाशी घासून चढवता, बुडाशी घासून उतरवता. ते लोक बोटाच्या पेरानं खुंटीएवढं बटण केसभर फिरवत बसले होते. कान तोच.

दुसरी अडचण लयीची. तुकडे जोडायचे तर प्रत्येक तुकडा समेवर यायला हवा. सोळा ट्रॅकच्या टेपवर एका ट्रॅकवर नुसती टिकटिक भरून ठेवायची आणि यंत्रानं तिच्यावरूनच चालायचं, ही युक्ती त्या वेडेलची. तबलजीसाठी लेहरा धरून बसल्यासारखं. खालचा जो धावता सूर आहे, तो एका कानात मूळ आणि दुसऱ्या कानात किंचित उशिरा आलेला त्याचाच पडसाद, म्हणून दुप्पट वेगात धावतोय असं वाटतं. झांजेसारखं जे वाजतं ती रेडिओचं स्टेशन लागत नाही तेव्हाची खरखर आहे, कापून-छाटून केलेली. फक्त मोठ्या ढोलाचा ठोका काही केल्या त्या यंत्रातून मनासारखा निघेना. शेवटी कीथ फॉर्सी या ड्रमरला बसवलं आणि त्यानं तो पायानं वाजवला. जगातलं सगळ्यात यांत्रिक म्हणून गाजलेलं गाणं, आणि त्याच्या बुडाशी माणसाचा पाय आहे! मला हे कळलं तेव्हा मी आराबेलापार्कच्या बाकावर बसून एकटीच हसले.

तेव्हा बर्लिनमध्ये डेव्हिड बोवी हा इंग्लिश गायक काम करत होता. त्याचा जोडीदार ब्रायन ईनो हे गाणं घेऊन धावतच आला आणि म्हणाला की भविष्याचा आवाज मी ऐकलाय, असं बोवी सांगायचा. ब्रिटनमध्ये ते पहिल्या नंबरवर गेलं. गंमत म्हणजे आधी ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं.

सिनेमाकडे तो वळला तो याच गाण्यामुळे. ॲलन पार्कर या दिग्दर्शकाला 'मिडनाइट एक्स्प्रेस'मधल्या पाठलागासाठी असलंच काहीतरी धडधडणारं हवं होतं. याआधी हॉलिवूडच्या असल्या मोठ्या सिनेमाचं पार्श्वसंगीत त्यानं केलेलं नव्हतं. १९७९ साली त्याला त्याचं ऑस्कर मिळालं. तोवर तिथं सिनेमाचं संगीत म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या रांगा. त्या जागी सिंथेसायझर बसला. वाजवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला का? आला असणार, नाही म्हणून खोटं कशाला बोलू. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा आला तेव्हा गल्लीत काय झालं ते मी लहानपणी पाहिलंय. तुमच्या रागाचं मूळ तिथं आहे हे मला कळतं, अण्णा. डबा बंड्यानं आणला म्हणून तो राग त्याच्यावर निघतोय.

पुढची यादी मोठी आहे, भराभर सांगते. 'फ्लॅशडान्स' आणि 'टॉप गन' या सिनेमांतल्या गाण्यांना आणखी दोन ऑस्कर. लॉस एंजेलिस आणि सेऊल ऑलिंपिकची गाणी, १९९० च्या इटलीतल्या फुटबॉल विश्वचषकाचं गाणं. 'टॉप गन'च्या गाण्याचे शब्द लिहिणारा टॉम व्हिटलॉक मोरोडरला कसा भेटला माहितीय? याच्या फेरारी गाडीचे ब्रेक दुरुस्त करून देताना! गाडीखालून निघालेला माणूस ऑस्करच्या गाण्याचा कवी झाला. या म्युनिकचाच हॅरॉल्ड फाल्टरमायर आधी मोरोडरच्या हाताखाली होता, नंतर स्वतः मोठा झाला. त्याची 'ॲक्सल एफ' ही धून तुम्हाला पाठ आहे. शेजारच्या वहिनींच्या मोबाइलवर बेडूक ओरडायचा ना, आणि तुम्ही भिंतीवर थापा मारायचात? तीच.

सगळंच मला आवडतं असं नाही. १९२७ चा 'मेट्रोपोलिस' हा मूकपट त्यानं १९८४ साली रंगांच्या छटा देऊन, वर पॉप गाणी घालून परत काढला. मी बघायला बसले आणि अर्ध्यावर आवाज बंद करून उरलेला बघितला. ऐंशीच्या दशकातली काही गाणी तर साच्यातून काढलेल्या गणपतीसारखी वाटतात, रंग तेवढा वेगळा. यंत्र सुरात राहायला लागलं, दर वीस सेकंदांनी थांबावं लागेना, तिथंच कुठंतरी काहीतरी सैल पडलं असावं असं मला वाटतं. हे माझं मत. बंड्याला पटत नाही, आमचं यावरून फोनवर भांडण झालंय.

नव्वदनंतर बरीच वर्षं तो मागे पडला. मग २०१३ साली निघालेल्या आपल्या तबकडीसाठी डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीनं त्याला बोलावून घेतलं. वाजवायला नाही, नुसतं बोलायला. त्यानं आपली कहाणी सांगितली आणि त्यांनी ती संगीतावर चढवली. तेव्हा त्याच्यासमोर तीन मायक्रोफोन मांडले होते. साठच्या दशकातल्या आठवणींसाठी तेव्हाचा, सत्तरच्या दशकासाठी तेव्हाचा, आणि एक आजचा. त्यानं विचारलं, हा फरक कोणाला कळणार? तर उत्तर आलं, त्या दोघांना कळेल. मला तुम्ही आठवलात. भजनी मंडळाच्या पेटीतला एक सूर काडीभर उतरलाय, कोणाच्या लक्षातही येणार नाही, म्हणून मी म्हटलं होतं, राहू द्या की. तुम्ही पेटी परत उघडलीत आणि माझ्याशी रात्री जेवेपर्यंत बोलला नाहीत. त्या तबकडीला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं.

मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग नावाच्या वादकानं दहा राग सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवले होते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस, तेव्हा ती तबकडी कोणी विचारली नाही. वीस-पंचवीस वर्षांनी इकडच्या लोकांनी शोधून काढली आणि डोक्यावर घेतली. बंड्या सध्या ती रात्रंदिवस ऐकतोय. भैरवला तुम्ही नावं ठेवाल, पण ऐकून ठेवा.

आता खरं सांगते. त्या डब्याचे पैसे मी पाठवले होते. तो मुंबईहून सेकंडहँड घेऊन आला, मित्राचा आहे म्हणून तुम्हाला खोटं सांगितलं, आणि खोटं बोलायला मीच सांगितलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. कॉलेजचं मी त्याच्याशी बोलले आहे. राहिलेले दोन विषय मे महिन्यात देणार म्हणतोय, त्याचा फॉर्म भरला की नाही ते आईला बघायला सांगा.

आणि एक काम होतं. तो डबा जुना आहे, मोरोडरच्या मूगसारखाच विजेच्या दाबावर चालणारा. मिरजेच्या उन्हात दुपारी दोनला लावला की पाव सूर सरकतो, असं बंड्या म्हणतो. मागच्या बाजूला बारीक स्क्रू आहेत सूर लावायचे, पण त्याला हात लावायची त्याची हिंमत होत नाही, आणि तुम्हाला विचारायची तर त्याहून नाही. एखाद्या दिवशी दुकान बंद केल्यावर बघाल का? तुमचा तो बारीक पेचकस त्यात बसेल. मी फोटोवरून माप काढलंय.

आईला सांगा, गोडा मसाला पोचला, पिशवी फुटली नव्हती. थंडी सुरू झालीय, तुम्ही पाठवलेली घोंगडी काढली.

तुमची,
ताई