सही करण्याआधी करार दाखवा

मा. उच्च शिक्षणमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी परकी भाषा शिकवतो. ज्या शब्दकोशावर मी ती शिकलो, त्याच्या पहिल्या पानावर एका दूतावासाचा जांभळा शिक्का होता. तो कोश भेट आला नसता तर विकत घेणं मला परवडलंच नसतं. म्हणून विद्यापीठांनी परकीय सरकारांचा पैसा घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. आपली भाषा जगभर शिकली जावी असं कुठल्याही देशाला वाटणारच. वर्गात शिकवायला कोण उभं राहणार, हे मात्र त्या देशाने ठरवू नये.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात नेमकं तेच झालं. तिथल्या कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटचे, म्हणजे चीन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या चिनी भाषाकेंद्राचे, शिक्षक चीनमध्ये निवडले जात आणि चीनमध्ये बंदी असलेला फालुन गाँग हा पंथ मानणाऱ्यांना ती दारं बंद होती. एका शिक्षिकेने तक्रार केली, तेव्हा हा भेदभाव आपल्याच आवारात चालतो हे विद्यापीठाला कळून चुकलं. २०१३ मध्ये केंद्र बंद झालं. पुढच्याच वर्षी शिकागो विद्यापीठात शंभराहून अधिक प्राध्यापकांनी अशाच केंद्राविरुद्ध सह्या केल्या.

विद्यार्थी-शिक्षकांची देशोदेशी देवाणघेवाण करणारी जर्मनीची डीएएडी ही संस्थाही मुख्यतः सरकारी पैशावर चालते. पण तिने पाठवलेले भाषाशिक्षक साधारणपणे यजमान विद्यापीठाच्याच नोकरीत असतात, पगारावरचा जादा भत्ता डीएएडी देते. म्हणजे जाब विचारायचा तर तो विद्यापीठालाच विचारता येतो. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

अमेरिकेत एकाच परकीय स्रोताकडून वर्षाला अडीच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक निधी आला तर विद्यापीठाला तो सरकारला कळवावा लागतो. आपणही रक्कम जाहीर करायला लावाच, पण तेवढ्यावर थांबू नका. नेमणुकीचा अधिकार कोणाकडे, हे आकड्यातून समजत नाही. म्हणून सही होण्याआधी परकीय सरकारशी होणारा अख्खा करार विद्या परिषदेपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे आला पाहिजे, असा नियम करा.

आणि त्या करारात एक कलम सक्तीचं हवं: निधी थांबला तरी प्रवेश घेतलेल्यांचं शिक्षण पूर्ण होईल. माझ्या वर्गात अकरा मुलं होती. सोळावा धडा चालू असताना निधी बंद झाल्याचं पत्र आलं आणि पुढच्या आठवड्यात वर्गाला कुलूप लागलं. त्यांतली दोघं पुढे वर्षभर माझ्या घरी येऊन शिकली. प्रमाणपत्र एकालाही मिळालं नाही.

आपला,
एक भाषाशिक्षक