छोटे देश आपल्याला हिणवण्यासाठी नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिमुकली बेटे सुवर्णपदक जिंकतात आणि १४० कोटींच्या भारताला ते जमत नाही, हे वाक्य दर ऑलिंपिकनंतर आपल्याकडे हमखास छापून येते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतरही ते वाचायला मिळाले. ११७ खेळाडू पाठवून भारताने एक रौप्य व पाच कांस्य पदके मिळवली आणि तो पदकतालिकेत ७१ वा आला. सेंट लुशिया व डॉमिनिका हे कॅरिबियन देश एकेका सुवर्णामुळे वर राहिले. तालिकेचा क्रम आधी सुवर्णपदकांवर लागत असल्याने हे घडणारच होते. आकडे खरेच आहेत, पण त्यांवरून आपण काढतो तो अर्थ मला उथळ वाटतो.

३ ऑगस्टच्या संध्याकाळी डॉमिनिकाच्या थिया लाफाँने तिहेरी उडीत १५.०२ मीटरची झेप घेतली आणि त्यानंतर थोड्याच वेळात, ओल्या धावपट्टीवर, सेंट लुशियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने १०० मीटरचे अंतर १०.७२ सेकंदांत कापले. दोन्ही देशांचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक, आणि दोघांची लोकसंख्या एकत्र केली तरी आमच्या कराड तालुक्याएवढी भरत नाही. परंतु लाफाँ लहानपणीच अमेरिकेत गेली आणि तिथेच घडली. आल्फ्रेड किशोरवयात जमैकाला व पुढे टेक्सास विद्यापीठात गेली. शाळेच्या गणवेशात, अनवाणी धावत मोठी झालेल्या या मुलीने विजयानंतर व्यक्त केलेली इच्छा अशी, की या पदकामुळे मायदेशी एक नवे स्टेडियम उभे राहावे. जिथे विजेतीलाच मैदान मागावे लागते, त्या देशाच्या क्रीडाधोरणाचा दाखला आपण आपल्या सरकारला देतो, हे थोडे गमतीचेच आहे. शिवाय अॅथलेटिक्सच्या एका वैयक्तिक प्रकारात कोणत्याही देशाला सर्वसाधारणपणे तीनच खेळाडू उतरवता येतात, त्यामुळे लोकसंख्येला पदकांनी भागण्याच्या हिशेबाला फारसा आधार उरत नाही.

बहुतेक छोटी पथके तर पदकाविनाच परततात, आणि त्यांच्याविषयी आपण काहीच वाचत नाही. भूतानने पॅरिसला तिघांनाच पाठवले होते. त्यांतील किंझांग ल्हामो महिलांच्या मॅरेथॉनमध्ये विजेतीनंतर तब्बल दीड तासाने, सर्वांत शेवटी, ८० व्या क्रमांकावर पोहोचली, आणि प्रेक्षकांनी तिचे टाळ्यांच्या गजरात स्वागत केले. पात्रता निकष गाठू न शकणाऱ्या देशांनाही अॅथलेटिक्स व जलतरणात मोजक्या जागा दिल्या जातात. त्या व्यवस्थेला कोणी दयेची भाकर म्हणो. मला ती ऑलिंपिकमधली सर्वांत शहाणपणाची तरतूद वाटते.

तुटपुंज्या साधनांवर ऑलिंपिक गाठण्याची ही धडपड महाराष्ट्राला तरी परकी वाटू नये. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांना लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकले होते.

म्हणून विनंती एवढीच, की २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये आपल्या क्रीडापानावर रोजच्या पदकतालिकेशेजारी एखाद्या दोन-तीन खेळाडूंच्या पथकाची माहितीही द्यावी: ते कोण आहेत, सराव कुठे करतात, खर्च कोण उचलतो आणि त्यांची शर्यत भारतीय वेळेनुसार किती वाजता आहे.

आपला,
एक वाचक, कराड