अजून पाच महिने

सुवा, फिजी
रविवार, रात्री साडेआठ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुम्ही दिवसभर नेमकं करता तरी काय?" मी म्हटलं, "काही विशेष नाही." त्यावर तू गप्प झालास. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "तू टाळलंस असं वाटलं असणार त्याला." टाळलंच होतं मी. एक गोष्ट सांगायची होती आणि जीभ उचलत नव्हती. ती आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल.

आम्ही नाताळला येत नाही. डिसेंबरात आमचे मिशनरी सेवेचे अठरा महिने पुरे होतात, पण मिशन प्रेसिडेंटांनी, म्हणजे आपल्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) ख्रिस्ती मंडळीच्या इथल्या मिशनच्या प्रमुखांनी, विचारलं, आणखी पाच महिने थांबाल का. आमच्यासारख्या वयस्कर जोडप्यांना परदेशात २३ महिन्यांपर्यंत राहता येतं. एक दिवस आम्ही दोघांनी उपास धरला, प्रार्थना केली, आणि सोमवारी सकाळी हो म्हणून आलो. म्हणजे तुझ्या चिमणीचा पहिला वाढदिवस आमच्याशिवाय होणार. तू रागावशील. रागाव, पण पुढचं वाच.

इथला दिवस साडेपाचला सुरू होतो. चहा सोडून आपल्याला वीस वर्षं झाली. पण सकाळी काहीतरी गरम हातात धरायची सवय काही गेली नाही. पुण्यात गच्चीवरचा गवती चहा होता. इथे लोक लिंबाच्या झाडाची पानं उकळून पितात, त्याला द्राउ नि मोली म्हणतात. शेजारच्या काकूंच्या कुंपणातून फांदी आमच्या बाजूला आली आहे आणि पानं तोडायची परवानगी त्यांनी पहिल्याच आठवड्यात दिली. ते पीत आम्ही शास्त्र वाचतो, मग गुडघे टेकतो. बाबांना उजव्या गुडघ्याखाली उशी लागते, त्यामुळे ती उशी आता प्रार्थनेचीच झाली आहे. बाहेर पाऊस असतोच. सुवाचा पाऊस बाराही महिने पडतो, आपल्या लोणावळ्याने वर्षभर हट्ट धरावा तसा. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते.

मग बाबा सुलू नेसतात. तू फोटोत पाहून "लुंगी" म्हणालास, पण ती लुंगी नाही. शिंप्याकडे माप देऊन शिवलेली, कमरेला पट्टा आणि बाजूला खिसे असलेली, पोटरीपर्यंतची. सुलू वाकातांगा म्हणतात तिला. इथे वकील नेसतात, पोलीस नेसतात, शिक्षक नेसतात. वर पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी पट्टी, तीवर 'एल्डर' आणि आपलं आडनाव. माझ्या पट्टीवर 'सिस्टर'. पहिल्या दिवशी बाबा आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कंपनीत तीस वर्षं गळ्यात पट्टी घालून हिंडलो, पण नाव वाचून कोणी हात जोडले नव्हते." इथे बसमधली माणसं पट्टी वाचून 'बुला', म्हणजे इथला नमस्कार, म्हणतात आणि जागा देतात.

बाबांचं काम म्हणजे तरुण मिशनऱ्यांची घरं बघणं. मुलगे अठरा-एकोणीस वर्षांचे, दोन वर्षांसाठी आलेले. मुली दीड वर्षासाठी. टोंगाचे, सामोआचे, अमेरिकेतल्या आयडाहोचे, इथल्याच बेटांवरचे. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, मग एकाची पिशवी बसने, दुसऱ्याची बोटीने. घर बघायचं म्हणजे गाद्या उलटून बघायच्या, गॅसची नळी बघायची, खिडकीच्या जाळीला भोक आहे का, धुराची घंटा वाजते का. मी फ्रिज उघडते. मागच्या आठवड्यात एका घरी फ्रिजमध्ये अर्धा कांदा, पाण्याची बाटली आणि एक शर्ट होता. शर्ट कशाला, तर उकाडा होतो म्हणून घालायच्या आधी गार करतात. त्यांना मी मुगाची खिचडी शिकवली. सामोआच्या मुलाने चार वेळा वाढून घेतली आणि मग आईला सांगायला म्हणून डाळीच्या पाकिटाचा फोटो काढला.

नोव्हेंबर आला की वादळांचे दिवस सुरू होतात. त्याआधी प्रत्येक घरात तीन दिवसांची पेटी तयार ठेवायची. पाणी, टॉर्च, डबाबंद मासे, औषधं, कागदपत्रांसाठी प्लास्टिकची पिशवी. हे आम्ही फार काटेकोरपणे करतो. इथली माणसं अजूनही "विन्स्टनच्या आधी" आणि "विन्स्टनच्या नंतर" अशी वर्षं मोजतात. २० फेब्रुवारी २०१६ ला ते चक्रीवादळ आलं, ४४ माणसं गेली. सुवाचं आपलं मंदिर नूतनीकरणानंतर पुन्हा समर्पित व्हायचं होतं ते नेमकं दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला. आणि ते झालं. त्या सकाळी वाटेतली पडलेली झाडं ओलांडून आलेल्या एक बाई आता गुरुवारी आमच्याबरोबर मंदिरात सेवा करतात. त्यांच्या घराचं छप्पर गेलं होतं. मी विचारलं, मग आलात कशा? त्या म्हणाल्या, "छप्पर नव्हतंच, घरी बसून काय करणार?"

मंदिर लहान आहे, सामांबुलाच्या टेकडीवर. वरून समुद्र दिसतो. तिथे गेले की मला हाँगकाँग आठवतं. २००९ मध्ये आपण तिघे गेलो होतो, तू अकरा वर्षांचा. भारतात आपल्या मंडळीचं मंदिर नव्हतं, बंगळूरच्या मंदिराची घोषणा व्हायलाच २०१८ उजाडलं. तिकिटांसाठी तीन वर्षं पैसे साठवले होते. पांढऱ्या कपड्यांत तू आमच्या हातावर हात ठेवलास, आणि त्या दिवसापासून आपण तिघे एकमेकांना कायमचे बांधलेले आहोत असं मी मानते. तू आता उपासनेला जात नाहीस. ते तुझं तू बघ, मी त्यावरून कधी बोलले नाही आणि आताही बोलत नाही. पण तो हात मला रोज आठवतो, एवढं तुला माहीत असावं.

आता मी का थांबले ते सांगते.

मंगळवार आणि शनिवार मी आपल्या चॅपलमधल्या वंशावळ केंद्रात बसते. दोन संगणक, एक पंखा, एक लांब टेबल. कोणीही यावं, पैसे लागत नाहीत, आपल्या मंडळीचं असावं लागत नाही. आपण पूर्वजांसाठी मंदिरात विधी करतो म्हणून आपल्या लोकांना नावं शोधायचा ध्यास, हे तुला ठाऊक आहे. पण इथे येतात ते बरेचसे गिरमिटियांचे नातू-पणतू. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं हत्यार. इथे ते 'अ‍ॅग्रीमेंट'. १८७९ ते १९१६ या काळात ६० हजारांहून अधिक माणसं पाच वर्षांच्या करारावर कलकत्त्याहून आणि मद्रासहून उसाच्या मळ्यांत आणली गेली. प्रत्येकाचा एक कागद होता, त्याला एमिग्रेशन पास म्हणतात. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, ठाणं, गाव. कित्येक घरांत त्याची झेरॉक्स देवघरात ठेवलेली असते. पण कारकुनांनी ऐकू येईल तशी इंग्रजीत लिहिलेली गावाची नावं आता कुणाला लागत नाहीत. मला हिंदी येतं, नकाशा वाचता येतो, एवढ्यावर माझं काम चालतं.

मार्चमध्ये नौसोरीच्या एक आजी आल्या. ७८ वर्षांच्या, हातात पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात कागद. आपल्या मंडळीच्या नाहीत, त्यांच्या गावातल्या रामायण मंडलीत चौपाया म्हणतात. त्यांचा आजा १९०८ मध्ये आला. कागद अर्धा पुसलेला. मी खूण वाचली, डाव्या भुवईवर व्रण. उंची वाचली, पाच फूट एक इंच. त्या उठल्या, दाराच्या चौकटीपाशी गेल्या आणि हाताने अंदाज घेतला. "हमार आजा एतना छोटा रहा?" मग बराच वेळ तो हात तिथेच ठेवून उभ्या राहिल्या.

गावाच्या ओळीचा पहिला शब्द गेला होता, पुढे फक्त 'बस्ती' दिसत होतं आणि खाली कलकत्ता. मी म्हटलं, कलकत्त्यातली एखादी वस्ती असावी. आजींनी मान हलवली, कागद घडी करून ठेवला आणि गेल्या. मी निश्चिंत झोपले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एकाचा स्पष्ट पास समोर आला, त्यात नीट लिहिलं होतं, जिल्हा बस्ती. उत्तर प्रदेशातला बस्ती जिल्हा! तिथून तर किती लोक आलेत. कलकत्ता हे फक्त बंदर. मी त्या बाईंच्या आजाला त्याच्या गावातून उचलून कुठल्या तरी झोपडपट्टीत नेऊन टाकलं होतं, आणि त्या ते मंडलीत सगळ्यांना सांगून बसल्या होत्या.

बाळा, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. शंभर वर्षं ज्या माणसाचा पत्ता हरवला होता, तो सापडता सापडता मी पुन्हा हरवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बसने नौसोरीला गेलो. वाटेत नदी लागते, तिचं नाव रेवा. आपल्याकडे नर्मदेला म्हणतात तेच. आजींना मी चूक सांगितली, हात जोडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आधी जेवा. डाळ, भात, आणि सैना म्हणून एक पदार्थ वाढला. घास घेतला आणि मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. अळूवडी होती ती! चिंच घातलेली, गुंडाळी करून उकडून तळलेली, फक्त पीठ वेगळं. बस्तीहून निघालेल्या माणसाबरोबर ती आली असणार, किंवा बोटीवर शेजारी झोपलेल्या कुणाबरोबर. जेवण झाल्यावर कागद खिडकीशी धरला. उजेडात ठाण्याच्या नावाची पहिली तीन अक्षरं उमटली. घरी येऊन चार रात्री जुने नकाशे पाहिले आणि ठाणं सापडलं, मग गाव. शनिवारी आजी मुलाला, सुनेला, नातीला घेऊन आल्या. संगणकावर उपग्रहाचा नकाशा उघडून मी गाव दाखवलं. एक तळं, थोडी घरं, शेतं. नातीने विचारलं, "ऊस आहे का तिथे?" आहे म्हटलं.

त्यानंतर माझ्या टेबलावर कागद वाढत गेले. आज सतरा आहेत. दुसऱ्या बेटावरच्या लाम्बासाहून दोघे बोटीने येऊन ठेवून गेले. आमच्या जागी येणारं जोडपं मे महिन्याच्या आधी येत नाही, आणि तरुण मिशनरी गुणी असले तरी त्यांना बस्ती, गोंडा, आझमगढ कुठे ते माहीत नाही. पाच महिन्यांत मी सगळे पुरे करीन असं नाही. पण त्या नौसोरीच्या आजींसारखं कुणाला चुकीचं गाव घेऊन जाऊ देणार नाही.

पैशांचं तू विचारलं होतंस. भाडं, खाणं, विमा, सगळं आपल्याच खर्चाने, पगार नसतो, हे काकांनाही एकदा समजावून सांग, ते अजून रक्कम विचारतात. मुदत ठेव मोडलेली नाही. बाबांचा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, गुडघा जिने चढताना दुखतो. लपवत नाही.

चिमणीच्या वाढदिवसाला आम्ही फोनवर असू. इथली घड्याळं साडेसहा तास पुढे आहेत, तेव्हा दुपारी दोनला केक कापलात तर आमचे साडेआठ वाजलेले असतील. सूनबाईला सांग, मी तिच्यावर सगळं टाकून बसले आहे हे मला कळतं. तिला वेगळं पत्र लिहिते आहे.

आणि एक काम तुझ्याकडे. एवढ्या लोकांची गावं शोधताना परवा लक्षात आलं की माझ्या आईच्या आईचं माहेर मलाच ठाऊक नाही. संगमनेरजवळचं कुठलंसं गाव, एवढंच लहानपणी कानावर पडलं. ते माहीत असलेली एकच व्यक्ती आता उरली, थोरली मावशी. ८४ वर्षांची आहे. पुढच्या रविवारी जाऊन ये. दुपारी विचार, झोप झाल्यावर, तेव्हा तिला चांगलं आठवतं. डाव्या कानाशी बोल. फोनवर आवाज भरून घे. गावाचं नाव दोनदा विचार, आणि शेजारची गावं कुठली, बाजार कुठे भरायचा, नदी होती का, तेही विचार. नुसतं नाव पुरत नाही.

तुझी,
आई

बाबा म्हणतात, मावशीला पेढे नेऊ नकोस, तिची साखर वाढली आहे. पेरू ने.