पाच तुकडे आणि बाबांचे दोन डोळे

दांडिया बाजार, बडोदे
कार्तिक शुद्ध दशमी

तीर्थरूप आई आणि बाबा यांच्या चरणी वसुधाचा शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत जाड कार्डावर टाचलेले कापडाचे पाच तुकडे पाठवीत आहे. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आईने नेसायची साडी आणि बाबांच्या उपरण्याचा काठ यांचे रंग त्यांतून ठरवायचे आहेत. फोनवर हे पाच मिनिटांत उरकले असते, पण रंग सांगून कळत नाही, दाखवावा लागतो. शिवाय संध्याकाळच्या वर्गात गेले आठ महिने मी नेमके काय शिकते, हा बाबांचा प्रश्नही अनुत्तरित पडून आहे. "रंग कळायला वर्ग कशाला, देवाने डोळे दिले आहेत," असे बाबा, तुम्ही म्हणाला होता. ते वाक्य मला तेव्हा लागले होते.

पहिला महिना आम्ही शाळकरी मुलांसारखे रंगचक्र रंगवण्यात घालवला. पोस्टर कलरच्या तीनच बाटल्या, लाल, पिवळी आणि निळी, आणि त्यांतून बारा घरे भरायची. माझे जांभळे घर सहा वेळा चिखलासारखे झाले. कारण असे की, मी घेतलेला लाल शेंदराकडे झुकणारा होता, म्हणजे त्यात पिवळा दडलेला होता, आणि निळ्यात मिसळताच तो दडलेला पिवळा जांभळ्याला मारत होता. गुलाबीकडे झुकणारा लाल आणला, तेव्हा कुठे वांग्याच्या सालीसारखे जांभळे मिळाले. चक्रात समोरासमोर बसतात ते पूरक रंग, शेजारी बसतात ते समीप रंग, आणि एकाच रंगाच्या उजळ-गडद छटा घेतल्या तर ती एकरंगी संगती. नावे एवढीच आहेत आणि ती एका दुपारी पाठ होतात. कापडावर ती वापरायला घेतली की खरा अभ्यास सुरू होतो.

नवरात्राच्या आधी आम्हाला गरब्याचा पोशाख करायला सांगितला होता. पूरक रंग एकमेकांना खुलवतात हे नुकतेच शिकल्यामुळे मी ओढणीसाठी राणी आणि हिरवा या रंगांच्या अगदी बारीक उभ्या-आडव्या रेघांचे सुती कापड मोठ्या हौसेने निवडले. हातात धरल्यावर ते झकास दिसत होते. बाईंनी ते वर्गाच्या दुसऱ्या टोकाला टांगले आणि आम्हाला दारापाशी उभे केले, तर ओढणी चक्क भिजलेल्या पोत्याच्या रंगाची दिसू लागली. रेघा इतक्या बारीक असल्या की लांबून डोळा त्या वेगळ्या ओळखू शकत नाही, त्या डोळ्यातच मिसळतात, आणि पूरक रंग मिसळले की उरते ते मळकट करडे किंवा तपकिरी. तेच दोन रंग चार बोटे रुंद पट्ट्यांत शेजारी ठेवले असते, तर हिरवा अधिक हिरवा आणि राणी अधिक राणी दिसला असता. गरब्याचा पोशाख कोणी हातभर अंतरावरून पाहत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात, याचा छडा लावणारा माणूस कपडे करणारा नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता, हे बाबांना आवडेल. मिशेल शेव्रल हे 1824 पासून पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख होते. निळ्या आणि जांभळ्या भागांजवळ वापरलेला काळा रंग फिका पडतो, अशी तिथे तक्रार होती. त्यांनी काळी लोकर तपासली, तर रंगाईत काही खोट सापडेना. दोष शेजारच्या रंगाचा होता. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची झाक चढवतो, त्यामुळे निळ्याजवळच्या काळ्यावर नारिंगी झाक येऊन त्याची धार जाते. हे सारे त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. आई, संक्रांतीची तुझी काळी चंद्रकळा तिच्या लाल काठाशेजारी इतकी ठसठशीत का दिसते, याचे उत्तर मला वाटते इथेच कुठेतरी आहे.

तुझ्या धूपछाव महेश्वरीचाही मी बराच विचार केला. तिचा उभा ताणा निळा आणि आडवा बाणा राणी आहे, म्हणजे माझ्या ओढणीपेक्षाही बारीक मिसळण, तरी ती मळकट दिसत नाही. एक तर निळा आणि राणी हे चक्रात एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे त्यांची बेरीज स्वच्छ जांभळी होते. दुसरे म्हणजे ताणा रेशमी असल्याने त्याला चकाकी आहे, आणि निरी पडते तिथे एका अंगाने तो निळा चमकून जातो. वर्गात आम्हाला प्रमाण सांगतात की मुख्य रंग साठ टक्के, जोडीचा तीस आणि उठावाचा दहा. मी तुझ्या साडीवर पट्टी ठेवून पाहिली नाही, पण अंग, काठ-पदर आणि काठालगतची ती पिवळी रेघ यांची वाटणी फारशी वेगळी नसावी. (वर्गातल्या मैत्रिणींना "आमसुली" हा रंग समजेना, म्हणून एके दिवशी मी डब्यातून आमसुले नेऊन दाखवली. अबोली आणि चिंतामणी समजावून सांगणे अजून बाकी आहे.)

आता बाबांच्या डोळ्यांविषयी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उजव्या डोळ्याने सदरा निळसर पांढरा आणि डाव्याने पिवळट दिसतो, म्हणून तुम्ही नव्या भिंगाला दोष देत होता. दोष नव्या भिंगाचा नाही, शस्त्रक्रिया न झालेल्या डाव्या डोळ्याचा आहे, बाबा. वय वाढते तसे डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळे पडत जाते आणि निळा-जांभळा प्रकाश अडवू लागते. हे इतके हळूहळू घडते की आपल्याला पत्ता लागत नाही. भिंग बदलले की अडलेला निळा एकदम आत येतो. क्लोद मोने या चित्रकाराच्या उजव्या डोळ्यावर 1923 मध्ये अशीच शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर त्यांचीही रंगांविषयी हीच कुरकुर होती. माझी विनंती अशी की, तुकडे पाहताना डावा डोळा हाताने झाकून घ्यावा. आई, तुझी शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. शिवताना तू काळा आणि गडद निळा दोरा एकच समजतेस, त्यात तुझा निष्काळजीपणा नाही, म्हणून स्वतःवर चिडत जाऊ नकोस.

एका बाबतीत मात्र मी तुझे ऐकणार नाही. सत्तरीनंतर फिकेच नेसावे, हा तुझा हट्ट रंगाच्या दृष्टीने मला पटत नाही. केस काळे होते तेव्हा फिकी अबोली तुझ्या चेहऱ्याजवळ खुलायची, कारण केस आणि कापड यांच्या उजळपणात मोठा फरक होता. आता केस पांढरे झाले आहेत, त्यांच्याजवळ फिके कापड आले की सगळे एकाच पातळीवर येते आणि चेहरा ओढलेला दिसतो. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते लगेच दिसेल.

तुकड्यांपैकी पहिला डाळिंबी अंगाचा आणि शेवाळी काठाचा आहे, दुसरा मोरपिशी. तिसरा आमसुली, त्याला हळदी काठ आणि मध्ये दोऱ्याएवढी पोपटी रेघ. हा माझ्या मनातला आहे, पण तसे सांगून तुमच्यावर दबाव आणायचा नाही. चौथ्यात जांभळ्याच्या तीन छटा आहेत, आणि पाचवा, म्हणजे तुझी लाडकी फिकी अबोली, केवळ तुझा मान राखण्यासाठी ठेवला आहे. बाबांच्या उपरण्याचा काठ तुझ्या काठाच्याच रंगाचा, फक्त एक छटा गडद करीन, म्हणजे फोटोत दोघे शेजारी बसल्यावर जोडी लावल्यासारखी दिसणार नाही आणि विसंगतही वाटणार नाही.

तुकडे ट्यूबलाइटखाली पाहू नयेत. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला ब्लाऊज घरी आल्यावर साडीशी फटकून वागतो, हे आई, तुला सीतलामाता बाजारातल्या कितीतरी खरेद्यांवरून ठाऊक आहे. सकाळी दहाच्या सुमारास गच्चीवर, थेट उन्हात नव्हे तर सावलीत, कार्ड पांढऱ्या चादरीवर ठेवावे आणि सहा पावले मागे सरून पाहावे. पसंत पडलेल्या तुकड्याला टाचणी टोचून कार्ड परत पाठवा. रंगाईवाला पंधरा दिवस मागतो, तेव्हा मार्गशीर्ष लागण्यापूर्वी ते माझ्या हाती यावे. दोघांची पसंती वेगळी झाली, तर दोन टाचण्या टोचाव्यात आणि कोणती कोणाची ते मागे लिहावे.

तुमची,
वसुधा