विषय : बॅकग्राउंडसोबत केसही काढून टाकणाऱ्या अपडेटबाबत

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या प्रतिनिधीने माझी तक्रार आत्ताच 'निवारण झाले' म्हणून बंद केली. ती पुन्हा उघडा.

तुमच्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या नव्या अपडेटनंतर 'बॅकग्राउंड काढा' दाबलं की मोकळ्या केसांच्या पोर्ट्रेटमधल्या कानामागच्या बटा सरळ उडतात. उरलेल्या केसांना मागच्या भिंतीची हिरवी किनार चिकटलेली असते. केसाच्या कडेचा पिक्सेल थोडा केसाचा, थोडा भिंतीचा असतो. त्यासाठीच ८ बिट मास्कमध्ये, म्हणजे कुठला पिक्सेल किती दिसावा हे ठरवणाऱ्या थरात, ० (पूर्ण लपलेला) ते २५५ (पूर्ण दिसणारा) अशा पायऱ्या असतात. तुमच्या मास्कमध्ये आता फक्त ० आणि २५५ सापडतात. कडा सुधारायचा ब्रश होता, तोही काढलात. शिवाय तो मास्क वेगळा न ठेवता थेट पिक्सेलच पुसता, म्हणजे गेलेले केस रंगवून परत आणायचीही सोय नाही.

हे सगळं प्रतिनिधीला सांगितलं. उत्तर आलं, "मॅडम, फाइल पीएनजीमध्ये सेव्ह करा." पीएनजीच आहे म्हटलं. जेपीईजीत पारदर्शकता टिकत नाही, एवढं मलाही कळतं. "मग झूम करून बघू नका." बरं. मग बराच वेळ होल्डवरचं संगीत, आणि मग, "मॅडम, फोटो काढताना केस बांधले असते तर हा प्रॉब्लेम आलाच नसता."

मी विचारलं, हा कंपनीचा सल्ला आहे की तुमचा? "कंपनीचाच. माझ्या स्क्रीनवर तसंच लिहिलंय." म्हणजे तुमच्याकडे कुणीतरी बसून हे टाइप केलं, आणि कुणीतरी मंजूरही केलं! तुमच्या जाहिरातीतल्या मुलीचे केस तर वाऱ्यावर भुरभुरतायत. तिला नाही कुणी अंबाडा घालायला सांगितलं? की सॉफ्टवेअर फक्त टक्कल असलेल्यांसाठी आहे, तेवढं जाहिरातीत लिहायचं राहिलं?

जुनी आवृत्ती मागितली, तर "ती आता मिळणार नाही". वर्षाची वर्गणी मात्र आगाऊ घेतलीत. आणि मास्क वेगळा न ठेवता मूळ फोटोच पुसायची कल्पना कुणाची, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. जिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातही असा वेगळा राहणारा लेयर मास्क आहे. तुमचं नाव मी आजवर दहा जणांना सुचवलं, याचं आता वाईट वाटतं.

जुनी आवृत्ती द्या, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. उत्तर लेखी हवं. केस बांधायचा सल्ला देणाऱ्या विभागाने पुन्हा फोन करू नये.

एक ग्राहक (अजून तरी)