आशाताई, ती वही अजून माझ्याकडेच आहे

ताई नमस्कार, नाव टाकत नाही कारण तुम्ही रागावणार माहितीये.

एप्रिल 2021 ला दादा आणि मी एकाच आठवड्यात कोविड पॉझिटिव्ह. दादाचा एचआरसीटी, म्हणजे छातीच्या स्कॅनचा स्कोर 25 पैकी 18, जळगावला 14 दिवस ऑक्सिजनवर. मी घरीच, चार दिवस ताप, तुमच्या ऑक्सिमीटरवर 97. सगळे म्हणे तू सुटला. पण दिवाळीला दादा केळीच्या बागेत कामाला लागलेला आणि मी, केळीच्या गाड्यांचा हिशोब ठेवणारा माणूस, काट्याची पावती बघून आकडा वहीत लिहीपर्यंत विसरून जायचो, तळपायाला मुंग्या, डोकं जड, आणि कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली तर टायर जळाल्याचा वास. रावेरकडच्या माणसाला भरीत नकोसं व्हावं, सांगणार कोणाला! घरचे म्हणत दादाकडे बघ, तुला तर काहीच झालं नव्हतं. एका डॉक्टरनी टेन्शन घेता म्हणून झोपेची गोळी दिली.

तुम्ही गावच्या आशा सेविका, बाळाच्या लसीचं सांगायला आलेल्या, मला भिंतीला टेकलेलं बघितलं आणि पोराची शंभर पानी वही मागितली. रोज काय काम केलं आणि डोकं कसं होतं, दोन ओळी लिहा म्हणे. दर आठवड्याला येऊन वाचायच्या. दोन महिन्यांनी पानावर बोट ठेवून बोलल्या, बघा भाऊ, गाडी भरली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही आडवे. हे मला स्वतःला कधीच दिसलं नसतं.

जळगावच्या न्यूरोवाल्या डॉक्टरांनी ती वही पूर्ण वाचली, बी-12, थायरॉईड वगैरे तपासून मग लाँग कोविड म्हटलं, म्हणजे कोविड गेला तरी महिनोन्महिने राहणारा त्रास. आजार जबर असला तर शक्यता जास्त, पण घरीच बरे झालेल्यांनाही होतं, हे त्यांनी दादासमोर सांगितलं म्हणून लई बरं वाटलं. उपाय काय तर थकायच्या आधी थांबा. आता हिशोब सकाळीच, अर्धा तास झाला की पेन खाली.

मे 2022 ला डब्ल्यूएचओनी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनी, देशातल्या आशांना पुरस्कार दिला तेव्हा मला ही वहीच आठवली. तुम्हाला कामागणिक मोबदला मिळतो, पण माझी वही वाचायचा रकाना तुमच्या फॉर्मात कुठे होता?

मुंग्या अजून येतात, आकडे बऱ्यापैकी टिकतात. रविवारी बामणोदची भरिताची वांगी आणतोय, पोरांना घेऊन या. मागच्या थंडीत वास निम्मा परत आलेला, यंदाचं तुमच्यासमोरच कळू दे, वही काढून ठेवतो.